बॅलन्सचं नंतर, आधी पोहणं आणि खांदे बघा

बॅलन्स चांगला असेल तर सर्फिंग (बोर्डवर उभं राहून लाटेवरून घसरत येणं) कुणालाही जमेल असं म्हणतात, हे अर्धंच खरं आहे. बोर्डवर उभं राहणं हा काही सेकंदांचा खेळ असतो हो, बाकी सगळा वेळ पालथं पडून हातांनी पाणी मारत लाटांच्या पलीकडे जायचं, वाहत परत यायचं, पुन्हा जायचं, आणि त्यात खांदे नि पाठ असे भरून येतात की दुसऱ्या दिवशी शर्ट घालताना पण आई गं होतं. त्यामुळे शिकायचं की नाही ठरवताना पहिलं हे बघा की खोल पाण्यात न घाबरता पोहता येतं का. पायाला लीश (बोर्ड पायाला बांधून ठेवणारी दोरी) असतो म्हणून पोहता नाही आलं तरी चालतं असं काहीजण सांगतात, प्लीज ऐकू नका, लीश तुटू शकतो. आणि रिप करंटमध्ये (किनाऱ्यापासून आत समुद्रात ओढून नेणाऱ्या जोरदार प्रवाहात) सापडलात तर सरळ किनाऱ्याकडे पोहत दमायचं नाही, किनाऱ्याला समांतर जाऊन त्यातून बाहेर पडायचं, हे पाण्यात उतरायच्या आधीच डोक्यात पक्कं हवं.

बोर्ड लगेच विकत घेऊ नका. शॉर्टबोर्ड (आखूड बोर्ड) दिसायला भारी, पण नवशिक्याला 8-9 फुटी सॉफ्ट टॉप (वरून मऊ फोमचा बोर्ड) बरा, जास्त तरंगतो आणि डोक्यात बसला तरी कमी लागतं (बसतोच!). सुरुवातीला कंबरभर पाण्यात, फुटलेल्या लाटेच्या फेसातच शिकवतात, त्यात कसला आलाय कमीपणा. वयाचं टेन्शन नको, फक्त खांदा किंवा गुडघा जुना दुखावलेला असेल तर डॉक्टरला विचारून मगच.