साडेचार वर्षांचे हात

गेल्या वर्षी, 2025 च्या जूनमध्ये, पुण्याला गेले होते. कोथरूडला ताईकडे साडेचार वर्षांची भाची चाररेघी वहीत इंग्रजी अक्षरं गिरवत बसली होती. पेन्सिल इतकी घट्ट धरलेली की बोटांची टोकं पांढरी पडली होती. 'बी' उलटा आला की खोडायचं, पुन्हा काढायचं. शेवटी कागदाला भोक पडलं आणि तिला रडू फुटलं. ताईला एकच भीती, पहिलीत मागे पडेल.

त्याच आठवड्यात, पहिलीपासून हिंदी शिकवायच्या राज्य सरकारच्या निर्णयावरून घरोघरी वाद चालू होता. पहिलीपासून तिसरी भाषा नको, एवढ्या लहान जिवावर ओझं नको, असं ताईही तावातावाने म्हणत होती. 29 जूनला सरकारने निर्णय मागे घेतला, मलाही बरं वाटलं. पण ज्या ओझ्यासाठी आपण भांडलो, ते नर्सरीपासून आपणच दप्तरात भरतोय ना?

इथे जर्मनीत, स्टुटगार्टला, माझा मुलगा सहावं लागेपर्यंत जेमतेम स्वतःचं नाव लिहायचा. किंडरगार्टनमध्ये, म्हणजे इथल्या बालवाडीत, तो खऱ्या सुरीने सफरचंद कापायचा, पावसात चिखल तुडवून यायचा. लिहायला कधी शिकवणार, असं मी काळजीने विचारलं, तर बाई म्हणाल्या, "आधी त्याला बुटाची गाठ मारू दे."

इथलं सगळं सोनं नाही. कर्मचारी कमी म्हणून किंडरगार्टन अचानक बंद राहतं, आणि चौथीनंतर, जेमतेम दहाव्या वर्षी, मुलांची वेगवेगळ्या शाळांत वाटणी होते. ते मला अजिबात पटत नाही.

शिवाय खेळातून शिकणं शोधायला जर्मनीला यायची गरजच नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीत बालवाडीचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. शंख-शिंपले, पानं, बिया हीच त्यांची साधनं, आणि मुलांची बोलीच बालवाडीची भाषा. 2020 चं शैक्षणिक धोरणही तीन ते आठ वर्षं हा एकच टप्पा धरून खेळावर भर देतं. कागदावर सगळं आहे. पालक म्हणून आपल्यालाच धीर नाही.

निघायच्या आदल्या दिवशी आईने भाचीपुढे भुईमुगाच्या ओल्या शेंगांनी भरलेलं सूप ठेवलं. तासभर ती सोलत होती. कुणी न सांगता दाण्यांचे दहा-दहाचे ढीग केले, मग मला हाक मारली, "मावशी, तुझ्या ढिगात एक कमी आहे!"

ताई, ती वही वर्षभर कपाटात राहू दे.