भित्तिचित्रांवर काच नको, रेकॉर्डिंग मात्र हवंच

न टिकणाऱ्या कलांवरचा तुमचा लेख बाकी आवडला, पण शहरातल्या चांगल्या भित्तिचित्रांवर काच लावून ती कायमची जपावीत हे त्यातलं म्हणणं काही पटलं नाही. अमेरिकन चित्रकार कीथ हॅरिंगचंच बघा ना, १९८० च्या दशकात न्यूयॉर्कच्या सबवेत, म्हणजे भुयारी रेल्वेच्या स्टेशनांत, जाहिरातीच्या रिकाम्या फलकांवर काळा कागद लावलेला असायचा, त्यावर तो पांढऱ्या खडूने भराभर चित्रं काढायचा, लोक थांबून बघायचे, आणि नवीन जाहिरात आली की चित्र गायब! हे त्याला माहीत होतं तरी काढतच राहिला. मी रोज ज्या भिंतीसमोरून जाते तिथलं चित्र दोनदा बदललंय, पहिलं गेलं तेव्हा खूप वाईट वाटलं, पण त्यामुळेच मी आता तिथे मान वर करून बघते, काचेआड असतं तर सवयीने दिसेनासं झालं असतं. फोटो जरूर काढून ठेवा.

रेडिओवरच्या विनोदी कार्यक्रमांचं मात्र वेगळं आहे, तिथे जपायलाच हवं होतं. बीबीसीचा गून शो १९५१ ते १९६० चालला, स्टुडिओत प्रेक्षक बसवून रेकॉर्ड व्हायचा, आणि सुरुवातीच्या सिरीजचे बरेचसे भाग आज ऐकायलाच मिळत नाहीत. किती मोठं नुकसान आहे हे! रेकॉर्डिंग ठेवल्याने मूळ कार्यक्रमाचं काहीच बिघडत नाही, उलट त्या दिवशीच्या लोकांचं हसूसुद्धा त्यात राहतं. रस्त्यावर गाणाऱ्या वाजवणाऱ्यांबद्दल तर लेखात जेमतेम दोन ओळी आहेत, त्यांच्यावर अजून लिहा प्लीज.