हरकतीला उत्तर द्या

“आता नगरसेवक आलेत ना? मग हरकती-सूचना कशाला भरत बसायच्या, थेट फोन करायचा.” नवी मुंबई पालिकेची निवडणूक झाल्यावर, पालिकेच्या आराखड्यांवर लोकांनी द्यायच्या लेखी हरकतींबद्दल आमच्या गावच्या ग्रुपवर एकाने हे लिहिलं आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. चुलतभावाने दुसरं टोक धरलं: हरकत म्हणजे रद्दी, सरकारला फक्त मोर्चा कळतो. मी मध्ये दोन ओळी लिहिल्या, की फोनची नोंद राहत नाही आणि मोर्चा काही रोज निघत नाही, हरकत निदान कागदावर तरी राहते. लगेच उत्तर आलं, “ताई, तू तिकडे बसून आम्हाला शिकवू नको.”

गाव म्हणजे करावे. नेरूळला पामबीच रस्त्याच्या कडेला, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाच्या आधीपासून असलेलं. आमची भातशेती गेली, खाडी मागे सरकली, घराच्या चारी बाजूंना शहर उभं राहिलं. मी आता इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला राहते. पण या वादात मला बोलायचं आहे आणि नीट बोलायचं आहे, कारण ग्रुपवरच्या दोन्ही बाजू मूळ दुखणं सोडून भांडतायत.

आधी नगरसेवकांचं. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली आणि मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. मधली साडेपाच वर्षं प्रशासक. याच काळात, ऑगस्ट २०२२ मध्ये, विकास आराखड्याचा मसुदा हरकतींसाठी जाहीर झाला. १९९२ साली सुरू झालेल्या महापालिकेचा हा पहिलाच आराखडा. शाळा कुठे, मैदान कुठे, मच्छीमार्केट कुठे, रस्ता कुणाच्या घरावरून जाणार, हे सगळं ठरवणारा कागद तीस वर्षांनी आला आणि तो आला तेव्हा सभागृहात एकही नगरसेवक नव्हता. ठाण्यातही तेच. तिथली मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि सुधारित आराखड्याचा मसुदा २०२४ च्या ऑक्टोबरात आला, तोही प्रशासकाच्या काळात. हरकतींची सुनावणी घेणाऱ्या नियोजन समितीत कायद्याप्रमाणे स्थायी समितीचे तीन सदस्य असतात आणि शासनाने नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ. स्थायी समितीच अस्तित्वात नसेल, तर आपल्या बाजूने तिथे बसलं कोण होतं? तेव्हा फोन कुणाला केला असता? साडेपाच वर्षं लोकांच्या हातात असलेली एकमेव गोष्ट म्हणजे तो हरकतीचा अर्ज, आणि आता निवडणूक झाली म्हणून तोही टाकून द्यायला आपण निघालोय.

आता रद्दीचं. चुलतभावाचा राग मला समजतो, कारण माझ्या मामांची सुनावणी मला माहीत आहे. मामा जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका शहरात राहतात. तिथल्या आराखड्यात त्यांच्या चाळीमागच्या विहिरीवरून रस्ता दाखवला होता. मामांनी नकाशाची झेरॉक्स काढली, विहीर लाल पेनाने गोल केली, सातबारा जोडला, शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या आणि सगळं प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये घालून, इस्त्रीचा शर्ट घालून अकरा वाजता गेले. बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांना अकराचीच वेळ दिलेली. तीनच्या सुमारास नाव पुकारलं. आत टेबलामागे बसलेल्यांपैकी एकाने हरकतीचा क्रमांक वाचला, मामांनी नकाशा उलगडायला घेतला, तर तो म्हणाला, “असू द्या, तुमचं म्हणणं नोंदवून घेतलंय.” नकाशा पूर्ण उघडलाही गेला नाही. पुढे कधीच काही आलं नाही. ना हो, ना नाही, ना का नाही.

माझं म्हणणं सगळं इथेच आहे. आराखडे ज्या कायद्याने होतात, तो महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्यात मसुदा जाहीर करा, हरकती मागवा, हरकत घेणाऱ्याला म्हणणं मांडायची संधी द्या, हे सगळं आहे. पण प्रत्येक हरकतीला कारणासकट लेखी उत्तर द्या आणि ते सगळ्यांना वाचायला ठेवा, हे बंधन त्यात नाही. ऐकून घेण्याची सोय आहे, उत्तर देण्याची नाही. माणसं सुनावणीला येत नाहीत, अर्ज भरत नाहीत म्हणून आपण त्यांना बेफिकीर म्हणतो. ज्या दारातून कधीच उत्तर आलं नाही, ते दार माणूस किती वेळा वाजवेल?

इथे मिल्टन कीन्सला २०२३ च्या सप्टेंबरात कचऱ्याच्या पिशव्या जाऊन चाकाचे डबे आले. त्याआधी कौन्सिलने, म्हणजे इथल्या पालिकेने, लोकांना विचारलं होतं. मी लिहिलं, की आमच्या ओळीतल्या घरांना पुढे अंगणच नाही, एवढे डबे रेडवेवर, म्हणजे पायी आणि सायकलने जायच्या वाटेवर, उभे राहतील आणि बाबागाडी जायला जागा उरणार नाही. अहवाल आला तेव्हा त्यात हा मुद्दा होता, खाली अधिकाऱ्याचं उत्तर होतं. अरुंद घरांसाठी काय करणार ते होतं आणि काय करणार नाही तेही होतं. मला हवं ते सगळं मिळालं नाही. पण ‘नाही’ का, ते मला कळलं. २०२४ च्या उन्हाळ्यात २०५० पर्यंतचा शहर आराखडा चर्चेला आला, तेव्हाही तीच पद्धत. कुणी काय म्हटलं आणि त्यावर कौन्सिलचं काय म्हणणं, हे मांडून ठेवायचं, आणि मग सगळं कौन्सिलबाहेरच्या, आराखडा तपासणाऱ्या इन्स्पेक्टरसमोर न्यायचं. कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबाला पिवळी नोटीस बांधलेली दिसली की आमच्या वस्तीतल्या आज्या चष्मा लावून ती वाचतात आणि पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे वस्तीपातळीवरच्या कौन्सिलच्या, बैठकीत येऊन बोलतात, कारण त्यांना अनुभव आहे की बोललेलं कुठेतरी उमटतं.

इथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. या देशात लोकांना विचारून-विचारून वाचनालयं बंद केली गेली आहेत. तरीही ती बंद करताना कारण लिहावं लागलं, आणि लिहिलेल्या कारणावर लोकांना भांडता आलं.

मिल्टन कीन्सशी तुलना मी उगाच करत नाही. दोन्ही शहरं एका वयाची आहेत. हे १९६७ मध्ये जाहीर झालं, सिडको १९७० ची. दोन्ही जुन्या गावांच्या शेतांवर कागदावर आखली गेली. इथे जमीन ठरवण्याआधी जाहीर चौकशी झाली, शेतकरी येऊन बोलले. वूटन, लिनफर्ड यांसारख्या गावांची हिरवळ, चर्च, गल्ल्या नव्या चौकटीत तशाच ठेवल्या गेल्या. शहर उभं केल्यावर इथलं डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन १९९२ मध्ये विसर्जित झालं आणि बागा-तळी एका स्वतंत्र ट्रस्टकडे ९९९ वर्षांच्या पट्ट्याने दिली गेली. त्याच १९९२ मध्ये आपली महापालिका सुरू झाली, पण सिडको राहिली आणि मोकळे भूखंडही तिच्याकडेच राहिले. त्यामुळे पालिकेने मसुद्यात अशा भूखंडांवर मैदान, शाळा, दवाखाना अशी आरक्षणं टाकली, तेव्हा पहिला विरोध सिडकोचाच आला. सीवूड्समधला बाप मुलांना खेळायला मैदान मागतो, त्याची हरकत या दोन कार्यालयांच्या मध्ये पडून राहते.

आणि आमच्या गावांचं काय? ९५ गावांची जमीन घेतली. गावठाणाबाहेर वाढत्या कुटुंबांनी गरजेपोटी घरं बांधली, ती आजही कायदेशीर की बेकायदेशीर या प्रश्नात अडकली आहेत. जमिनीच्या भावाबद्दलची हरकत कुणी ऐकली नाही म्हणून १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी जासई आणि दास्तान फाट्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारीला गोळीबार झाला, पाच माणसं गेली. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देणारी योजना त्या रक्तातून आली. माझे आजोबा त्या आंदोलनात होते. म्हणून मोर्चाला मी कमी लेखत नाही, माझ्या घरात कुणी लेखूच शकत नाही. पण चुलतभावाला मी हे विचारते: पाच माणसं गेल्यावर जे मिळालं, ते आधी एखाद्या टेबलावर, कारणांसकट, कागदावर का मिळू शकलं नाही? आणि बालवाडीच्या जागेसाठी, मच्छीमार्केटच्या छपरासाठी, तुंबणाऱ्या नाल्यासाठी आपण दर वेळी रस्त्यावरच उतरायचं का?

हरकतीने काहीच होत नाही, हेही खरं नाही. मुंबईच्या २०१५ च्या विकास आराखड्याच्या मसुद्यावर ५० हजारांहून जास्त हरकती पडल्या. मसुद्यातल्या चुका लोकांनी घरोघरी नकाशे उघडून शोधल्या, आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना तो नव्याने करायला सांगावं लागलं. आराखडा मंजूर झाला तो २०१८ मध्ये. ती माणसं ठाण्या-नवी मुंबईतल्या माणसांपेक्षा वेगळी नव्हती. पुण्यात तर २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवून घेतात. क्षेत्रसभेची तरतूद आपल्या महापालिका कायद्यात २००९ साली आली. नगरसेवकाने मतदारांना एकत्र बोलवायचं, कामं विचारायची. माझ्या वडिलांना विचारलं, ते म्हणाले, अशी सभा असते हेच ते पहिल्यांदा ऐकतायत. म्हणजे सोय नाही असं नाही, ती कुणी वापरायला मागत नाही, आणि आम्ही ग्रुपवर अंगठे दाखवत बसतो.

आता राहिलं ते ‘तिकडे बसून’. हे वाक्य मला लागलं, आणि का लागलं तेही सांगते. माझा पासपोर्ट अजून भारताचा आहे. तरी इथे कॉमनवेल्थची नागरिक म्हणून मी कौन्सिलच्या निवडणुकीत मत देते. करावेच्या मतदारयादीत माझं नाव नाही. ज्या शहरात माझ्या घराण्याचं काही गेलेलं नाही, तिथे कचऱ्याच्या डब्याबद्दल लिहिलेल्या माझ्या चार ओळींना क्रमांक पडतो आणि उत्तर येतं. जिथे आजोबांचं शेत रस्त्याखाली आहे, तिथे मी दोन ओळी लिहिल्या की मी परकी. डब्यांचं उत्तर वाचताना मला बरं वाटलं नव्हतं, राग आला होता. हे उत्तर मला इथे नको होतं. ते मामांना हवं होतं, आजोबांना हवं होतं. गेले काही पावसाळे मी गावात नाही. नाला तुंबला तेव्हा घमेली उचलायला मी नव्हते, हे माझ्याच घरातले मला बोलून दाखवत नाहीत, पण मला माहीत आहे. मी इथल्या आयुष्यात रमलेही आहे, मुलांना रेडवेवर सायकल शिकवली आहे. तरीही आराखड्याचा नकाशा उघडते तेव्हा करावेचा उघडते. गावठाणाची रेघ कुठून गेली आहे ते बघते, आमचं घर रेघेच्या आत आहे की बाहेर ते शोधते. मिल्टन कीन्सचा नकाशा मी असा कधी पाहिला नाही.

आणि कायद्याचंच बोलायचं तर हरकत ‘कोणतीही व्यक्ती’ घेऊ शकते. ती मतदार असली पाहिजे, मालक असली पाहिजे, तिथेच राहत असली पाहिजे, अशी अट नाही. म्हणजे मला बोलायला परवानगी कायद्याने आधीच दिली आहे. ग्रुपने द्यायची बाकी आहे.

आमच्या प्रभागातल्या सगळ्या नगरसेवकांना मी पत्र लिहिलं आहे. मागणी मोठी नाही, खर्चाचीही नाही. आराखडा असो, प्रभाग रचना असो, बाजार हलवणं असो, जिथे जिथे हरकती मागवल्या जातात तिथे प्रत्येक हरकतीचा क्रमांक, तिचा थोडक्यात मजकूर, निर्णय आणि निर्णयाचं कारण मराठीत पालिकेच्या संकेतस्थळावर आणि प्रभाग कार्यालयातल्या फलकावर लावा. यासाठी कायदा बदलायची गरज नाही, सभागृहाने ठराव केला तरी पुरे. २०२२ च्या आराखड्यावरच्या हरकतींपासून सुरुवात करा, कारण त्या देणारी माणसं अजून वाट बघतायत.

एका नगरसेवकांचा फोन आला. आधी विचारलं, “तुम्ही मतदार आहात का?” मी म्हटलं, नाही, पण वडील आहेत, काका आहेत, आमची सगळी आळी आहे. ते थोडं थांबले आणि म्हणाले, सर्वसाधारण सभेत विषय मांडतो. मी तारीख विचारून घेतली आणि वडिलांना कळवली. ते बेलापूरला मुख्यालयात प्रेक्षक गॅलरीत जाऊन बसणार आहेत, आणि चुलतभावालाही बरोबर नेणार आहेत.