संवाद लोकांना आधीच ठाऊक होते
‘कीचकवध’ नाटकावरून काढलेला ‘सैरंध्री’ (१९२०) हा मूकपट असल्यामुळे नाटकातली राजकीय धार गेली, असं एका लेखात म्हटलंय. नाही पटलं. नाटककार खाडिलकरांचा कीचक म्हणजे व्हाइसरॉय कर्झन, हे १९१० साली नाटकावर बंदी येण्याआधीच प्रेक्षकांनी ओळखलं होतं. दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी पडद्यावर नुसता कीचक उभा केला की काम झालं!

आणि मूकपट मुका कुठे असायचा? आमच्या आजोबांनी लहानपणी सोलापुरात मूकपट पाहिलेले. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांत पडद्यावरची संवादाची पाटी वाचता येणारा एखादाच. तो मोठ्यानं मराठीत वाचायचा, लगेच तेलुगूत सांगायचा, वर पदरची दोन वाक्यं घालायचा. शिट्ट्या त्यालाच पडायच्या म्हणे. आणि फिल्मच आज उरलेली नाही, मग धार गेली हे लेखकानं ठरवलं कशावरून?