करवंदं परत ठेवा

मे महिन्यातल्या रविवारी, सकाळी साडेसहाला, पुण्यातल्या वेताळ टेकडीवर, भाच्याच्या देखत माझ्याकडून मुद्देमाल जप्त झाला. मुद्देमाल म्हणजे ओंजळभर करवंदं. घरी सांगून झालंय, तिथे माझी बाजू कोणी घेतली नाही, म्हणून इथे सांगतोय.

भाचा बाणेरच्या एका बाविसाव्या मजल्यावर राहतो. त्याने करवंद फक्त लोणच्यात पाहिलेलं. म्हणून पांढरा टी-शर्ट घालून आलेल्या त्या पोराला जाळी दाखवली, काटे चुकवून हात आत कसा घालायचा ते दाखवलं, थोडी तोडली आणि म्हटलं, “चाव आणि आत बघ. लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी.” तेवढ्यात मागे शिट्टी वाजली. तोंडाने नव्हे, पंचाच्या असते तसल्या खऱ्या शिट्टीने.

गृहस्थ साठीच्या पलीकडचे. मानेवर पडदा सोडलेली टोपी, गळ्यात शिट्टी, हातात घडीची काठी, मनगटावर ते पावलं मोजणारं घड्याळ. आणि ते जागच्या जागी चालत होते. डावा, उजवा, डावा, उजवा. पुढचा सगळा संवाद त्यांनी याच अवस्थेत केला, हे कृपया वाचताना डोळ्यांसमोर ठेवा.

“काय तोडलंत?”

“करवंदं.”

“कोणाची?”

“टेकडीची.”

“म्हणजे तुमची नव्हेत.”

“नव्हेत, पण काका...”

“काका म्हणायचं काम नाही. ती पक्ष्यांची आहेत.”

“कुठल्या पक्ष्यांची?” हे भाच्याने विचारलं. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

गृहस्थ विचारात पडले. पाय मात्र चालूच. “सगळ्या,” ते म्हणाले.

मी म्हटलं, बुलबुल खातात खरे, पण आम्हीही याच टेकडीवर लहानपणी ओच्यात भरभरून खाल्लीत आणि बुलबुल अजून आहेत. बिया थुंकत थुंकत खाली उतरायचो, त्यातून चार जाळ्या वाढल्याही असतील.

“तुम्ही बुलबुल आहात का?”

या प्रश्नाला उत्तर नसतं. नाही म्हणालो तर हरलो, हो म्हणालो तर त्याहून वाईट.

“परत ठेवा.”

“कुठे?”

“जिथून काढलीत तिथे.”

“अहो, आता ती चिकटणार आहेत का?”

डावा, उजवा, डावा, उजवा. इथे त्यांनी तडजोडीची तयारी दाखवली. “मग जाळीखाली ठेवा. पक्ष्यांना दिसतील अशी. ढीग करायचा नाही, पसरून.”

आणि मी ठेवली. पन्नाशीला टेकलेला, गृहकर्ज फेडलेला माणूस मी, पण उकिडवा बसून एकेक करवंद पक्ष्यांना दिसेल असं मांडत होतो, आणि माझ्या डोक्यावर कवायत चालली होती. येणारेजाणारे थांबून बघत होते. एक बाई नवऱ्याला म्हणाल्या, “काहीतरी प्रयोग करतायत वाटतं.”

“त्याच्या तोंडात काय आहे?” गृहस्थांचा मोर्चा भाच्याकडे वळला.

“गिळलं,” भाचा म्हणाला.

“बीसकट?”

भाच्याने मान हलवली. आता या बीचा हिशोब कसा लावायचा, हे गृहस्थांना सुचेना. तेवढ्यात त्यांचं घड्याळ कुंईकुंई वाजलं. दहा हजार पूर्ण. ते खाडकन थांबले, चेहऱ्यावर समाधान पसरलं आणि आमच्याकडे ढुंकूनही न बघता बाकावर जाऊन बसले. पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला आणि झुडपातल्या मोरांना बिस्किटं टाकायला लागले. ग्लुकोजची. पक्ष्यांची करवंदं पक्ष्यांना, बिस्किटंही पक्ष्यांना. प्लॅस्टिकचा पुडा कोणाला ते बघायला मी थांबलो नाही.

ही टेकडी म्हणजे पुणे शहरातली सगळ्यात उंच जागा, समुद्रसपाटीपासून साधारण 800 मीटर. ऐंशीच्या दशकात कोथरूडच्या बाजूने तिच्या पायथ्याशी आमची घरं होती आणि टेकडीला कोणी टेकडी म्हणत नसे. ‘रानात जातो’ असं सांगून निघायचं. आई म्हणायची, खाणीकडे जाऊ नकोस. वरच्या जुन्या दगडखाणीत पावसाचं पाणी साठायचं. म्हणजे जायचं कुठे, ते आईनेच सांगून ठेवलेलं असायचं. शिवाय माथ्यावर वेताळबाबाचं देऊळ. अमावास्येच्या रात्री त्याची पालखी निघते, मशाली दिसतात, असं आम्हाला सांगितलेलं. दिवेलागणीच्या आत घरी आणायची ती फुकटातली सोय होती. आता त्याच कामासाठी पोरांच्या मनगटावर ठावठिकाणा कळवणारी घड्याळं बांधतात. वेताळाला चार्जिंग लागत नव्हतं.

डबडा ऐसपैस हा खेळ चार भिंतींच्या आवारासाठी आहे, हे आम्हाला फार उशिरा कळलं. रानात तो संपतच नाही. ज्याच्यावर राज्य असेल तो पोरगा पत्र्याचं डबडं घेऊन टेकडीभर रडवेल्या तोंडाने हिंडायचा. आमच्यातला एकजण एकदा लपला तो सरळ घरी गेला, वरणभात जेवला, झोपला आणि चहाच्या वेळी येऊन ‘ऐसपैस’ ओरडला. ते धरायचं की नाही यावरून दोन बहिणभावांची घरं आठवडाभर बोलत नव्हती.

आणि कुसळं! दिवाळीनंतर टेकडीवरचं गवत वाळलं की मोजे म्हणजे उशीत खोचलेल्या सुया. कुसळाच्या शेपटीला पीळ असतो. दमट हवेत तो सुटतो, कोरड्यात पुन्हा बसतो, आणि असं वळत वळत ते बी आपलं आपण जमिनीत भोक पाडून शिरतं. फार हुशार बी आहे. फक्त माझी पोटरी म्हणजे जमीन नव्हे, एवढं त्याला कधी कळलं नाही.

ज्याला आम्ही घनदाट जंगल समजायचो त्यातलं पुष्कळसं गिरिपुष्प होतं, म्हणजे ग्लिरिसिडिया. मूळचं मध्य अमेरिकेतलं. उघड्याबोडक्या टेकड्या लवकर हिरव्या दिसाव्यात म्हणून वनखात्याने लावलं आणि ते माजलं. झाडाझाडाला चिकटलेली घाणेरी, जिची फुलं उपटून आम्ही देठाकडून मध चोखायचो, तीही अमेरिकेचीच. त्या सगळ्या पाहुण्यांत मेडशिंगी, सालई, गणेर ही घरची मंडळी कोपरे धरून उभी. करवंदही घरचंच. त्याच्यावर शिट्टी.

भाच्याच्या शाळेने गेल्या वर्षी ‘निसर्गानुभव शिबिर’ काढलं होतं. त्यात चिखलातून अनवाणी चालणे, दोरी बांधून झाडावर चढणे आणि झाडाला मिठी मारणे असे तीन अनुभव होते. जेवण धरून जे पैसे घेतले, त्यात माझं पहिली ते दहावीचं सगळं शिक्षण वह्यापुस्तकांसकट झालं असेल. झाडावर चढायच्या आधी पालकांची सही. आमच्या वेळी पालकांना कळायचं ते उतरल्यावर, तेसुद्धा पडूनच उतरलो असू तर.

आता कोणी म्हणेल, तेव्हा पोरं मूठभर होती, आज शहर केवढं झालंय, सगळ्यांनी तोडायला घेतली तर उरेल काय? म्हणा. मलाही हे कळतं आणि कळतं म्हणूनच जास्त चीड येते. कारण याच टेकडीच्या अंगावरून बालभारती ते पौड फाटा असा रस्ता काढायचं घाटत राहिलंय. 2023 च्या एप्रिलमध्ये त्याविरुद्ध पुणेकर रस्त्यावर उतरले, मीही गेलो होतो. रस्त्याच्या आखणीला शिट्टी मारायला कोणी सापडत नाही. तिथे नकाशे असतात, सल्लागार असतात, सादरीकरणं असतात. ओंजळवाला सापडतो. तो एकटा असतो, सोबत पोर असतं, आणि तो उकिडवा बसतो.

वरच्या पाटीवर सूचना आहेत : फुले-फळे तोडू नयेत, झाडावर चढू नये, दगड मारू नयेत, मोठ्याने ओरडू नये. ही आमच्या बालपणाची अनुक्रमणिका आहे. स्पीकरवर भजनं लावून चालू नये, हे मात्र त्यात नाही. त्या दिवशी उतरताना दोन वेगवेगळे गणपती आणि एक मारुती शेजारून गेले.

संध्याकाळी बहिणीचा फोन. मला वाटलं, करवंदाचं नाव काढताच तिला भरून येईल. लहानपणी चिकाने ओठ चिकटेपर्यंत खाणारी तीच होती, आणि कोंबडी निघाली की ती माझ्या हातावरची म्हणून खपवायची.

“दादा,” ती म्हणाली, “तो पांढरा टी-शर्ट साडेअकराशेचा होता. जांभळा डाग पडलाय. लिंबू लावलं, सोडा लावला, जात नाही.”

मी म्हटलं, आईला विचार.

“विचारलं. ती म्हणाली, मामाकडून पैसे घे.”