चाळिशीनंतरचा सिनेमा

‘चाळिशीनंतर सिनेमात जायची स्वप्नं पाहणं म्हणजे पोरखेळ’ हे लेखातलं मत अजिबात पटलं नाही. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला तेव्हा दादासाहेब फाळके त्रेचाळीस वर्षांचे होते. त्याआधी ते छपाईच्या धंद्यात होते. विम्याच्या पॉलिस्या गहाण टाकून लंडनला गेले, कॅमेरा घेऊन आले. पण भांडवलदाराला पटवायचं कसं? कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर ठेवून रोज थोडीथोडी फिल्म घेत राहिले. पडद्यावर बी रुजून वेल वर चढताना दिसला, मग पैसे उभे राहिले. शिवाय फिल्मला कडेची भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई राबल्या, हेही लक्षात घ्या.

मी हिशेबनिसाचं काम करते आणि हे स्वप्न रोज पाहते. मला नटी व्हायचं नाही, संकलन शिकायचंय. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटचे छोट्या मुदतीचे अभ्यासक्रम असतात. सध्या रात्री जेवणं आटोपली की भाचीच्या लग्नाचं चित्रीकरण लॅपटॉपवर कापत बसते. सासरी निघताना ती मागे वळते, तिथे नेमकं कुठे कापायचं हे अजून ठरत नाहीये.