‘कमी तिखट’ म्हणजे कमीच ना!

चिनी हॉटेलात गेलं की दर वेळी तेच. मी आधीच सांगते, मला तिखट झेपत नाही, अगदी कमी घाला. वेटर मान डोलावतो. आणि समोर येतो तो लालभडक तेलात बुडालेला मापो टोफू, म्हणजे सोयाबीनच्या पनीरचा झणझणीत पदार्थ! पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी, कानशिलं गरम.

बरं, नुसती मिरची असती तर एक वेळ सोसलंही असतं. पण चीनच्या सिचुआन प्रांताच्या पद्धतीच्या जेवणात हुआजियावही घालतात. दिसायला मिऱ्यासारखं, पण ते मिऱ्याच्या नाही, लिंबाच्या कुळातलं. त्यानं जीभ न्‌ ओठ बधिर होतात, मुंग्या येतात. चिनी भाषेत याला ‘माला’ म्हणतात, म्हणजे बधिर करणारं आणि तिखट. मग हे मेनूवर का लिहीत नाहीत? नुसतं मिरचीचं चित्र काढून काय कळणार? पहिल्यांदा खाणारा माणूस घाबरतो हो, आपल्याला काही झालं की काय असं वाटतं त्याला!

वर सोबतचे म्हणतात, ‘पाणी पी.’ मिरचीला तिखट करणारं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, पाण्यानं काय होणार? साधा भात मागवावा तर तो येईपर्यंत जीव जातो.

आणि ‘चिनी जेवण तिखटच असतं’ हे तर मला ऐकवूच नका. दक्षिण चीनमधलं कॅन्टनी जेवण किती सौम्य असतं! मिरची मुळात अमेरिका खंडातली, ती चीनमध्ये पोचलीच 16व्या शतकात.

कमी म्हटलं की कमी घाला. जमत नसेल तर तोंडावर ‘नाही’ म्हणा, मी दुसरं काहीतरी मागवेन.